नळाच्या वेळेची बांग

उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पात पहाटेवर सगळ्यात चांगलं बोलणारा माणूस म्हणजे दस्तगीर मुलाणी. पहाटेची हवा हे औषध आहे, फजरच्या नमाजेला उठणाऱ्याच्या तोंडावर नूर असतो, आणि ऊन अंगावर आल्यावर जो उठतो त्याच्या धंद्याला बरकत नाही, हे तो इतक्या कळकळीने सांगायचा की ऐकणाऱ्याला आपल्या अंथरुणाची शरम वाटावी. फक्त हे सगळं तो सांगायचा ते सकाळी दहाच्या पुढे, चहाच्या टपरीवर, गालावर उशीच्या शिवणीचा वळ घेऊन.

खरी गोष्ट अशी की दस्तगीरची आणि पहाटेची ओळखच नव्हती. जीन्सच्या पँटींना काज-बटण करून द्यायचा त्याचा धंदा घराच्या पुढच्या खोलीतच होता. माल उशिरापर्यंत चालायचा आणि एकदा पाठ टेकली की माणूस गेला. शेजारच्या ब्लॉकमध्ये एकदा सिलिंडरचा भडका उडाला, बंब घंटा वाजवत आला, अख्खी गल्ली रस्त्यावर उभी राहिली. हा सकाळी दारात येऊन विचारतो, एवढं पाणी कुणी सांडलं?

फजरची नमाज सूर्य उगवायच्या आत पढायची असते. दस्तगीर ती पढायचा, नाही असं नाही, पण दार लावून, भरभर, आणि बाहेर शाळेच्या रिक्षा निघून गेल्यावर. मग डोक्यावरची टोपी तशीच ठेवून तो टपरीवर यायचा. टोपी बघून लोक समजायचे, मशिदीतूनच येतोय. तो त्यांना समजू द्यायचा. तोंडाने तो खोटं बोलला असं कुणी म्हणू शकणार नाही, जे काय बोलायची ती टोपी बोलायची. आणि त्याला पकडणार तरी कोण? जे त्याच्या गप्पा ऐकायला बसत ते फजरला जात नसत, आणि जे फजरला जात त्यांना टपरीवर बसायची सवय नव्हती.

आतून मात्र त्याला लाज वाटायची. कारण तो मुलाणी होता. बार्शीकडच्या त्यांच्या गावात मशीद झाडायची, दिवा लावायचा आणि बांग द्यायची हे काम मुलाण्यांचं. देशावर अजानला बांग म्हणतात. दस्तगीरच्या आजोबांच्या बांगेवर गावातले माळी मोटेला बैल जुंपायचे, बाया जात्यावर बसायच्या. देव कुणाचाही असो, उठायचं मुलाण्याच्या हाकेला. बापानेही तेच केलं. आणि ज्या घराने गाव उठवलं त्या घरातला हा दस्तगीर. कोंबडा देतो तीही बांगच. त्यामुळे त्याची बायको मालनबी चिडली की म्हणायची, कोंबड्याकडे ना मोबाइल ना बायको, तरी बिचारा वेळेवर उठतो.

तर झालं असं, की मशिदीचे बांगी याकूबभाई मुलीच्या लग्नासाठी महिनाभर गावी निघाले. जुम्म्याच्या नमाजेनंतर मशिदीचे ट्रस्टी बागवान शेठ उभे राहिले. दिवसाच्या बांगा जो आधी येईल तो देईल, म्हणाले, पण फजरची जबाबदारी एकाच कुणी घ्यायला हवी. सगळी जमात एकदम आपापल्या पायांच्या अंगठ्यांकडे बघायला लागली. मग टपरीवरचाच एक जण म्हणाला, दस्तगीरभाई आहेत की, ते तर रोज उठतातच, शिवाय जातीचे मुलाणी. सुटका झाल्याच्या आनंदात सगळ्यांनी माना हलवल्या. उचलली जीभ लावली टाळ्याला, तिचं असं होतं. नाही म्हणावं तर मुलाण्याने बांग नाकारली असं होणार, आणि हो म्हणावं तर उठायचं होतं. दस्तगीरने छातीवर हात ठेवून हो म्हटलं. आता एक जरी पहाट चुकली तरी त्याचं नाव जाणार होतं, आणि त्याच्या मागे बापाचं आणि आजोबाचंही.

त्याने उपाय कमी केले नाहीत. मोबाइलवर ओळीने गजर लावले, ते त्याच्या अंगठ्याने झोपेतच बंद केले. मग कुणीतरी सांगितलं म्हणून गणित सोडवल्याशिवाय न थांबणारा गजर घेतला. तो वाजत राहिला, गल्लीतल्या चार घरांनी उठून गणितं सोडवली, हा घोरत राहिला. मालनबीने तोंडावर पाणी शिंपडलं तर झोपेतच म्हणाला, पत्रा गळतोय, बादली लाव. शेवटी ती त्याच्या कानाशी ओरडली की नात पाळण्यातून पडली. तेव्हा मात्र तो ताडकन उठला आणि पहिली बांग वेळेवर झाली. पण रोज पाडायला मी नाती कुठून आणू, असं मालनबीने रोखठोक विचारलं. त्यात बदलापूरची मुलगी दुसऱ्यांदा दिवसांत, म्हणून मालनबीला तिच्याकडे मांजर्लीत जाऊन राहणं भाग होतं. जाताना तिने नवऱ्याला सुंदराबाईच्या ताब्यात दिलं.

सुंदराबाई म्हणजे भिंतीला भिंत लावून राहणारी शेजारीण. नवरा ऑर्डनन्स फॅक्टरीतून रिटायर होऊन वारला, मुलं अंबरनाथला राहायला गेली, आणि हिने गल्लीचा नळ ताब्यात घेतला. कॅम्पात पाणी पहाटे, अंधारातच येतं. कुणाचा हंडा आधी, कुणाचा ड्रम नंतर, हे सुंदराबाई ठरवायची. बुद्धविहारातल्या बायकाही तिच्यापुढे आवाज चढवत नसत. मालनबीने तिला सगळं सांगितलं. सुंदराबाई पोटभर हसली आणि म्हणाली, त्यात काय, पाणी आलं की मी दार वाजवीन.

ती हाताने वाजवत नव्हती. पत्र्याच्या दारावर तांब्याचा हंडा आपटायची आणि खणखणीत आवाजात ओरडायची, "भाऊ, पाणी आलं." आणि काय नवल, दस्तगीर उठला. दुसऱ्या दिवशीही उठला. उल्हासनगरात मुरलेल्या माणसाच्या हाडात हे दोन शब्द इतके खोल गेलेले असतात की मेलेलासुद्धा बादली शोधेल. जो माणूस अल्लाच्या बोलावण्याला उठला नाही, तो पालिकेच्या नळाला उठला.

तेव्हापासून मशिदीची फजर नळावर चालायला लागली. वॉल्व्ह उघडणाऱ्या माणसाला स्वप्नातही कल्पना नसेल, पण त्या महिन्यात कॅम्पाचा खरा बांगी तोच होता. त्याला दोन झुरके जास्त ओढावेसे वाटले की इकडे दस्तगीर वजूचं, म्हणजे नमाजेआधी हातपाय-तोंड धुतल्याचं, पाणी निथळत धावत सुटायचा. पण एकही पहाट चुकली नाही. टपरीवर त्याचा भाव वाढला. उठायचं कसं यावर तो आता सल्लेही द्यायला लागला. इच्छाशक्ती पाहिजे, म्हणायचा.

पहाटेच्या बांगेत एक ओळ जास्त असते, बाकीच्या चार वेळच्या बांगांत ती नसते. अस्सलातु खैरुम मिनन नौम, झोपेपेक्षा नमाज बरी. पहाटे भोंगा लावायचा नाही असा नियम, म्हणून फजरची बांग नुसत्या गळ्याने द्यायची. मागच्या गल्लीतल्या नळापर्यंत ती कशीबशी पोचायची. दस्तगीर ती ओळ म्हणायचा तेव्हा मात्र त्याचा आवाज खरोखर भरून यायचा. झोप म्हणजे काय हे त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं? बांग देऊन तो वळून बघायचा. इमामसाहेब, एक बहिरे झालेले चाचा आणि ड्यूटी संपवून आलेला एक वॉचमन. बाकी चटया मोकळ्या. त्याला वाईट वाटायचं. मग वाटायचं, लोक येतील, हळूहळू येतील, आपण हाक देत राहायची.

मग शटडाऊन आला. पाइपलाइनचं काम, पाणी बंद, कधी सुरू होईल ते सांगता येत नाही. नळ नाही म्हणजे हंडा नाही, आणि हंडा नाही म्हणजे दस्तगीर नाही. त्या रात्री त्याने धोका पत्करला नाही. तो झोपलाच नाही. बिनपाठीच्या स्टुलावर बसून पँटींना बटणं लावत राहिला आणि तशीच लाल डोळ्यांनी फजर केली. दिवसभर पुन्हा माल. असरची, म्हणजे दुपार कलल्यावरची नमाज झाल्यावर मात्र त्याच्याच्याने बसवेना. असरनंतर झोपू नये, माणसाचं भान जातं, असं त्याची आई सांगायची. आईचं ऐकण्याचं त्याचं वय गेलं होतं. तो आडवा झाला.

श्रावणातला दिवस, आभाळ भरून आलेलं, त्यात दिवे गेलेले. मगरीबची, म्हणजे सूर्य बुडल्यावरच्या नमाजेची वेळ होत आली होती. आणि नेमकं तेव्हा पालिकेने पाणी सोडलं. सुंदराबाईला काय, पाणी आलं की दार वाजवायचं ठरलेलं. तिने हंडा आपटला. भाऊ, पाणी आलं.

दस्तगीर उठला, वजू केला आणि धावला. बाहेर तोच करडा उजेड, तीच नळावरची बायकांची रांग, तीच हंड्यांची ठणठण. शंका यायला जागाच नव्हती. मागच्या फाटकातून तो मशिदीत शिरला आणि जागच्या जागी थबकला. मशीद भरली होती. वजूखान्यावर रांग होती. टपरीवरचे सगळे होते, बागवान शेठ होते, ज्यांना त्याने जुम्म्याशिवाय कधी पाहिलं नव्हतं तेही बाह्या सरसावत होते. एवढी माणसं, फजरला? दस्तगीरच्या डोळ्यांत पाणी आलं. मोहल्ला जागा झाला होता. बाप-आजोबांनंतर हे आपल्या हातून झालं, आपल्या.

बांग अजून कुणी दिली नव्हती. तो पुढे गेला, कानांवर हात ठेवले आणि अशी बांग दिली की कबुतरं उडाली. त्या ओळीवर आल्यावर तर त्याने जीव ओतला. झोपेपेक्षा नमाज बरी. दोनदा म्हणायची असते, दोन्ही वेळा त्याने ती लांबवून म्हटली. इमामसाहेबांनी झटकन मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. दस्तगीरला वाटलं, कौतुकाने पाहतायत.

नमाज सुरू झाली. फजरच्या जमातीत रकाती, म्हणजे नमाजेच्या फेऱ्या, दोन, मगरीबला तीन. दोन झाल्या, सगळे बसले, आता सलाम फिरवायचा म्हणून दस्तगीरने उजव्या खांद्याकडे मान न्यायची तयारी केली, आणि इमामसाहेब तिसरीला उभे राहिले. चुकले, असं त्याच्या मनात आलं. इमाम चुकला की मागच्याने सुचवायचं असतं, त्यासाठी त्याने तोंडही उघडलं. तेवढ्यात शेजारी उभ्या राहिलेल्या माणसाच्या शर्टाला भज्यांच्या तेलाचा वास आला. फजरला कधी कुणाला भज्यांचा वास येत नाही. म्हणजे ही मगरीब होती. तिसरी रकात त्याने कशी पढली ते एक त्याला ठाऊक आणि एक अल्लाला.

सलाम झाला. इमामसाहेब तरुण, बिहारकडचे, मोजकं बोलणारे. ते जमातीकडे वळले आणि शांतपणे म्हणाले, "आज की अज़ान में किसी को कुछ अलग लगा?"

संपलं, दस्तगीरला वाटलं. आता बोंब होणार. भर तिन्हीसांजेला लोकांना झोपेतून उठवणारा मुलाणी म्हणून हे नाव मुंबईच्या चिता कॅम्पापासून अंबरनाथपर्यंत जाणार. त्याने मान खाली घातली.

एक जण म्हणाला, आवाज आज गोड लागला. दुसऱ्याला बांग थोडी लांबल्यासारखी वाटली. तिसऱ्याने दिवे गेल्यावर भोंगा बंद पडतो, इन्व्हर्टर घ्यायला हवा, हा विषय काढला, आणि त्यावर चार जण बोलले. बागवान शेठ म्हणाले, दिल को लगी, याकूबभाई आले तरी दस्तगीरभाईंनाच ठेवू. बस्स. भरल्या मशिदीत एकालाही कळलं नव्हतं. रमजानात सगळे पहाटे उठतात, ही ओळ तेव्हा महिनाभर सगळ्यांच्या कानावरून जाते, पण तेव्हा लक्ष ताटातल्या शेवटच्या घासाकडे. इमामसाहेबांनी दस्तगीरकडे एकदा पाहिलं, दाढीत हसले आणि उठून गेले.

कोंबडं झाकलं गेलं होतं. नाव वाचलं होतं. दस्तगीरला आनंद व्हायला हवा होता, पण त्याला रडू येत होतं. इतके दिवस ज्यांच्यासाठी घसा फोडला त्यांनी ती ओळ ऐकलीच नव्हती. ऐकून झोपले असते तर एक गोष्ट होती, तसा तर तोही झोपायचा. चोरून का होईना त्याला लाज वाटायची. इथे लाजसुद्धा नव्हती.

तो मागच्या फाटकातून बाहेर आला. नळाची धार अजून चालू होती. सुंदराबाईने त्याचा ड्रम भरून ठेवला होता आणि आता स्वतःचा हंडा लावला होता. त्याला पाहून ती म्हणाली, "भाऊ, आज पहाटेची ओळ तिन्हीसांजेला कशी काय म्हटली?"

तुम्हाला कळली, एवढंच कसंबसं दस्तगीरच्या तोंडून निघालं.

"न कळायला काय झालं? इतकी वर्षं इथंच उभी असते मी. याकूबभाऊ म्हणायचे, त्यांच्या आधीचे म्हणायचे. तेवढीच एक सकाळी जादा असते. अर्थ काय हो तिचा?"

"झोपेपेक्षा नमाज बरी," दस्तगीर म्हणाला.

सुंदराबाईने भरलेला हंडा बाजूला घेतला आणि पुढच्या बाईचा लावायला सांगितला.

"मग सांगता कुणाला? झोपलेल्यांना ऐकायला जात नाही. ऐकायला येतं मला, तर मी जागीच. आणि सांगणाऱ्याला उठवतं कोण, तर तेही मीच."

दस्तगीरने आपल्या भरलेल्या ड्रमवर झाकण ठेवलं. मग त्याने खालच्या आवाजात विचारलं, उद्या पाणी पहाटेच येणार ना.