उचलू नका!

शर्टाच्या कारखान्यात कॉलरच्या लाइनवर देखरेख करणाऱ्या बाईंना पाठीमागे सगळ्याजणी सासूबाई म्हणत. नाव ठेवणारीचं काही चुकलं नव्हतं. टाका वाकडा गेला की कॉलर उसवून पुन्हा हातात, वर "ही कोणाच्या गळ्यात घालणार? माझ्या?" हे ऐकून घ्यायचं. पण मालकांपुढे त्यांनी आपल्या बायकांना कधी उघडं पाडलं नाही. अशी सासू मिळायलाही नशीब लागतं.

अलीकडे या लाइनचं घोडं कुठेतरी अडलं होतं. सकाळी झकास चाललेलं काम दुपार कलली की ढेपाळायचं. सुया मोडत, कॉलरी उलट्या शिवल्या जात. मालकांना वाटलं बायका उकाड्याने दमतात, म्हणून पंखे लावले. मग वाटलं आळसावल्यात, म्हणून बक्षीस जाहीर केलं. फरक शून्य. शेवटी ते म्हणाले, "महिनाअखेरपर्यंत बघतो. नाहीतर लाइन बंद. तयार कॉलर बाहेरून आणणं स्वस्त पडतं." म्हणजे सगळ्याजणी घरी, आणि सासूबाईही.

सासूबाईंनी मग हातांऐवजी डोळ्यांकडे बघायला सुरुवात केली. दुपारी सगळे डोळे भिंतीवरच्या घड्याळाकडे! शाळा सुटायची वेळ. पोरं एकटीच घरी जाणार, आणि आयांचे फोन दाराजवळच्या कपाटात बंद. फोनवर बोलता बोलता एकीच्या बोटात सुई घुसली, तेव्हापासून तसा नियमच होता. मूल घरी पोचलं की नाही, ते कारखाना सुटल्यावरच कळायचं. हात मशीनवर आणि जीव टांगणीला, मग कॉलर सरळ येणार कशी? सासूबाईंनी स्वतःची लेक याच धाकधुकीत वाढवली होती. त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आपला फोन बेधडक टेबलावर, कात्रीशेजारी ठेवला. पोरांना निरोप गेला: आतून कडी लावली की घरच्या फोनवरून या नंबरवर दोनदा रिंग द्यायची आणि ठेवून द्यायचं. काही बिनसलं असेल तरच वाजू द्यायचं. फोन वाजून थांबला की सासूबाई कोणाच्या घरचा ते बघत आणि त्या आईच्या खांद्यावर मापाच्या टेपची हलकी चापट मारत. चापट बसली की बाईचं मशीन जे सुटायचं! महिना सरत आला तसा कॉलरींचा ढीग पुन्हा पूर्वीसारखा उंच दिसू लागला.

आणि नेमकं महिन्याच्या शेवटच्या दिवशी एका घरचा फोन आलाच नाही. कॉलरची टोकं शिवणारी बाई पांढरीफटक पडली.

"ऊठ, घरी जा," सासूबाई म्हणाल्या. "पोचलीस की तूही तशीच रिंग दे. मशीन मी बघते."

किती वर्षांनी त्या मशीनवर बसल्या होत्या! तेवढ्यात मालक आले. टेबलावरचा फोन पाहून त्यांच्या कपाळावर आठी चढली.

"बाई, हे काय? नियम तुम्हीच मोडायचा?"

"मोडलाय, साहेब. महिनाभर रोज मोडलाय," सासूबाईंनी मान वर न करता सगळं सांगून टाकलं. "काढायचं तर मला काढा. लाइनला हात लावू नका."

तोच फोन वाजला. मालकांचा हात सवयीने पुढे गेला.

"उचलू नका!" अख्खी लाइन ओरडली.

सगळी मशीनं थांबली. मालकांचा हात हवेतच. एक रिंग झाली. दुसरी झाली. सगळ्याजणी श्वास रोखून फोनकडे बघत होत्या.

फोन गप्प झाला.

सासूबाईंनी उठून नंबर पाहिला. त्याच घरचा. "सुखरूप आहे गं," एवढंच त्यांच्या तोंडून निघालं. त्यांचे डोळे भरून आले होते. पाठोपाठ सगळी मशीनं एकदम सुरू झाली. मालक ढिगाजवळ गेले, त्यांनी एकदोन कॉलरी उलटसुलट करून पाहिल्या आणि ते निघून गेले.

लाइन बंद झाली नाही. दुसऱ्या दिवशी शाळा सुटायच्या वेळी मालक पुन्हा टेबलापाशी हजर.

"सगळी पोचली का हो?"

"एक राहिलंय, साहेब."

मालकांनी स्टूल ओढलं. "मग थांबतो," ते म्हणाले.