निघा पह्यले

शिरपूर जैन गावाच्या अलीकडे, स्वतःच्या वावराच्या कडेला एका शेतकऱ्यानं विजेच्या गाड्यांचं चार्जिंग स्टेशन टाकलं, तेव्हा गाव हसलं. गाड्या क्वचितच यायच्या. तो मात्र रोज यंत्र पुसायचा आणि शाळेतून परतताना मी भेटलो की म्हणायचा, "येऊन राह्यल्या मास्तर, हळूहळू."

एका दुपारी मी तिथं बसलो असताना पुण्याहून एकजण आला. गाडीची बॅटरी संपत आलेली आणि तिकडे रिठदला वडील शेवटचे श्वास घेत असलेले. चार्जिंगला तासभर लागेल म्हटल्यावर तो रस्त्यावर जाऊन येणाऱ्या-जाणाऱ्यांना हात दाखवू लागला.

आमच्या माणसानं खिशातून चावी काढली. "माही फटफटी घेऊन जा भाऊ. गाडी राहू द्या इथंच."

"अहो, पण तुम्ही मला ओळखत नाही..."

"निघा पह्यले!"

काही दिवसांनी तो पुणेकर फटफटी घेऊन परतला. डोक्याचं मुंडण झालेलं. यानं चावी खिशात टाकली. मग हळूच विचारलं, "बोलले का तुमच्यासंगं?"

"माझं नाव घेतलं त्यांनी."

"बरं झालं," एवढंच तो म्हणाला आणि पाठ फिरवून बराच वेळ यंत्र पुसत राहिला. यंत्रावर धूळ नव्हतीच.