दार लोणावळ्याला गेलंय

"आभाळ बगा. माज्याकडं न्हाई, वर आभाळाकडं."

मुंबई-पुण्याच्या सडकेवर मोटार उलटली आणि बाहेर फेकला गेलेला माणूस भानावर आला, की त्याच्या कानांवर पहिले शब्द हे पडत. बोलणाऱ्या असत आमच्या मावशी. आभाळाकडे बघणाऱ्याची मान हलत नाही, इतकाच त्याचा अर्थ. पण मुंबईच्या एका शेटजींनी आपली वर जायची वेळ झाली असं समजून हात जोडले होते. मावशींनी त्यांचे हात खाली दाबले आणि सकाळी काय खाल्लं ते विचारलं. माणूस बोलता राहिला पाहिजे, हा त्यांचा दुसरा नियम.

मळवलीकडची गाडीवाट सडकेला मिळते, तिथल्या वळणावर मावशींचं घर होतं. मी जवळच्याच शाळेत मास्तर होतो. मोटारी तेव्हा नव्या होत्या आणि हाकणारे त्यांच्याहून नवे. महिना-दोन महिन्यांत त्या वळणावर कुणीतरी आडवं व्हायचंच.

मावशींच्या घराचं दार एका फळीचं होतं. खालीवर खुंट्या, उचललं की निघायचं. जखमी माणसाला त्यावर सरकवायचं, चौघांनी मळवली स्टेशन गाठायचं, आणि गार्डाच्या डब्यात दारासकट आडवं घालून लोणावळ्याच्या दवाखान्यात न्यायचं. दार परत येईपर्यंत घर उघडं. कोंबड्या चुलीपर्यंत फिरायच्या. पाहुणा आला आणि त्यानं विचारलं, की मावशी अगदी सहज सांगायच्या, "दार लोणावळ्याला गेलंय." जसं काही ते बाजाराला गेलं आहे.

इथवर गावाला त्यांचं कौतुकच होतं. बोच होती ती एकाच गोष्टीची. मावशी जखमीला पाणी देत नसत.

तुम्हीच सांगा, पडलेल्या माणसाला आपण पहिलं काय करतो? उठवून बसवतो आणि तोंडाला तांब्या लावतो. आमच्या मावळात तर पाणी मागणाऱ्याला नाही म्हणणं म्हणजे घोर पाप. पण मागे एकदा मावशींनीच बैलगाडीत बसवून, पाणी पाजून नेलेला माणूस दवाखान्यात दगावला, तेव्हा तिथले डॉक्टर मावशींवर फार रागावले होते. पोटाला मार असेल तर पाणी नाही, फक्त ओठ ओले करायचे, असं त्यांनी बजावलं. मावशींनी त्याची मनाशी खूणगाठ बांधली. पुढे कुणी कितीही गयावया केली तरी त्या पदराचं ओलं टोक ओठांना लावत, आणि तांब्या लांब ठेवायला लावत.

मग भातकापणीच्या दिवसांत, भर दुपारी, त्या वळणावर मोटारीची धडक बसून एक पेंढ्याची गाडी उलटली. गाडी हाकत होता मावशींचा एकुलता एक मुलगा मारुती.

मी पोचलो तेव्हा तो सडकेवर उताणा होता. चाक पोटावरून गेलं होतं. मावशी त्याच्या उशाशी बसून होत्या, दोन्ही हातांनी त्याचं डोकं धरून. तो आभाळाकडे बघत होता, आणि पाणी मागत होता. आई, घोटभर दे, एवढंच पुन्हा पुन्हा. मावशी त्याचे ओठ पुसत होत्या, आणि लहानपणी कुठल्या ओढ्यात मासे धरायचास ते सांग म्हणत होत्या.

त्याची बायको हौसा तांब्या भरून धावत आली. मावशींनी हात आडवा घातला.

"आत्याबाई, द्या वो. ह्यो शेवटला घोट असला तर?"

"जगायचाय त्यो," मावशी म्हणाल्या. "म्हून देत न्हाई."

सारा गाव भोवती उभा होता. एका म्हातारबाबांनी मावशींना कसाबाची उपमा दिली. मावशी लेकाचे ओठ पुसतच राहिल्या. आम्ही दार आणलं, त्याला सरकवलं आणि स्टेशनकडे निघालो. मी माझ्या आयुष्यात धीराची माणसं पाहिली आहेत, पण त्या वाटेवर लेकाच्या डोळ्यांवर हाताची सावली धरून चालणाऱ्या त्या बाईकडे बघायची मला भीती वाटत होती.

मारुती दवाखान्यात दिवस मावळायच्या आत गेला. पोटात आतून सगळं फाटलं होतं. डॉक्टर बाहेर आले आणि काहीतरी समजुतीचं बोलू लागले. मावशींनी त्यांना थांबवलं.

"पाजलं असतं तर काय झालं असतं, ते मला सांगू नका. फुडं कुनी पडला तर पाजू का नगं, येवढंच सांगा."

डॉक्टर जमिनीकडे बघत म्हणाले, "नको."

"बरं," मावशी म्हणाल्या.

दहाव्याला इंद्रायणीवर त्यांनी ओंजळीनं पाणी सोडलं. भटजी पुरे म्हणाले तरी सोडतच राहिल्या, शेवटी बायकांनी धरून आणलं. त्यानंतर त्या पाणवठ्यावर आल्या की बाकीच्या बायका घागरी उचलू लागल्या. लेकाला तहानलेला धाडणारी आई, असं उघड बोललं जाई. हौसा त्याच घरात राहत होती, रांधत होती, वाढत होती. सासूशी मात्र चकार शब्द बोलत नव्हती.

उन्हाळ्यात तिथेच एक लॉरी कलंडली. तिचा क्लीनर सडकेवर पोट धरून पडला होता आणि पाणी मागत होता. मी शाळेतून धावत आलो, तर मावशी त्याच्याजवळ बसलेल्या. त्यांच्या हातात भरलेला तांब्या होता. तांब्या त्याच्या तोंडाकडे चालला होता. जमलेल्यांपैकी कुणीच त्यांना अडवलं नाही. मला वाटतं, गावाला तेच बघायचं होतं.

मागून हौसा आली. खाली बसली आणि तिनं सासूचं मनगट धरलं.

"नगं, आत्याबाई. ह्याला जगू द्या."

तांब्या सोडवून घेऊन तिनं आपला पदर भिजवला आणि उरलेलं पाणी सडकेवर ओतून टाकलं. मग रिकामा तांब्या सासूच्या हातात परत दिला आणि त्या परक्या माणसाचे ओठ पुसू लागली. मावशी धुळीत बसल्या बसल्या रडू लागल्या. मारुती गेल्यापासून त्यांना कुणी रडताना पाहिलं नव्हतं.

आम्ही दार उचललं तेव्हा चौथी बाजू हौसानं धरली. तो तांब्या छातीशी कवटाळून मावशी स्टेशनापर्यंत आमच्या मागोमाग चालत आल्या.