जहाज कुठं लागणार

मलकापुरात आमच्या भेटीगाठी घरात कमी आणि फलाटावर जास्त व्हायच्या. गाव पडलं मुंबई-नागपूरच्या रुळावर. नातेवाईक इकडून तिकडं जायचे, पण उतरायला कोणाला सवड नसे. अमक्या दिवशी अमक्या गाडीनं जातोय असं कार्ड आलं, की आई भाकरी, झुणका, ठेचा बांधून स्टेशनवर हजर. गाडी थांबेल तेवढ्यात रडणं, हसणं, सोयरिकीचं बोलणं, सगळं उरकायचं. माझ्या मावसबहिणी मी खिडकीच्या गजाआडूनच मोठ्या होताना पाहिल्या.

या भेटीचा एक कायदा होता. फार पूर्वी आई आणि तिची धाकटी बहीण एकमेकींना शोधत फलाटावर उलट्या दिशांना धावल्या, आणि तेवढ्यात गाडी सुटली. त्या दिवसापासून आईनं ठरवून टाकलं, की फलाटावरच्यानं नळापाशी उभं राहायचं आणि गाडीतल्यानं डब्याच्या दारात. दोघांनीही जागा सोडायची नाही. फलाट असा केवढासा, नजरानजर व्हायचीच. दादाला आणि मला हा कायदा पाढ्यांच्या आधी पाठ झाला होता.

दादा माझा मोठा भाऊ. विलायतेला शिकायला गेला आणि तिथंच राहिला. बाबा वारले तेव्हाही त्याला येता आलं नाही, म्हणजे आला नाही. मी गावातच शाळेत मास्तरीण होते, घर माझ्यावर होतं आणि आई माझ्यावर होती. आईच्या एका डोळ्यानं काम सोडलेलं, दुसराही मंदावत चाललेला. अकोल्याच्या डॉक्टरनं मला बाजूला घेऊन सांगितलं, की हाही फार दिवस साथ देणार नाही. ते मी आईला सांगितलं नव्हतं. पण ती काय खुळी होती? एक दिवस तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "डोये जायच्या आंधी त्याले एकडाव पाहून घेतो मी. मंग गेले तं गेले."

आणि नेमकं दादाचं पत्र आलं. त्याला सिंगापूरला नोकरी लागली होती, जहाजानं चालला होता. जहाज मुंबईला एक दिवस थांबणार, सकाळी लागणार, संध्याकाळी निघणार. मलकापूरला येऊन जाण्याइतका वेळ नाही, तर तुम्हीच या. जहाजाचं नाव दिलं होतं, तारीख दिली होती. कुठं यायचं ते मात्र शहाण्यानं एका शब्दात लिहिलं होतं, बंदरावर. जसं काही आम्ही रोज संध्याकाळी बंदरावर फिरायला जातो. लोणारचं तळं सोडलं तर याहून मोठं पाणी आम्ही पाहिलेलं नव्हतं.

आई एवढी हरखली की विचारू नका. तिच्या लेखी हे मलकापूरच्या फलाटासारखंच होतं, फक्त गाडीच्या जागी जहाज. "दिवसभर उभं राह्यते म्हने. आपल्या गाडीपक्षा बरं," म्हणाली. मी मात्र चौकशीला लागले. स्टेशनमास्तर म्हणाले, आमचा संबंध रुळापुरता. शेवटी गावातल्या एका कापसाच्या व्यापाऱ्याकडे गेले. त्याच्या गाठी जहाजातून परदेशी जायच्या. तो गादीवर मांडी घालून म्हणाला, की गाठींची जहाजं आत गोदीत लागतात, माणसांची जहाजं बॅलार्ड पिअरला. आजवर कधी बदललेलं नाही, डोळे मिटून जा. खोटं नव्हता बोलत बिचारा. एरवी तसंच असायचं.

महाराष्ट्र होऊन फार वर्षं झाली नव्हती. मुंबई आपली झाली म्हणून आमच्या शाळेतही पेढे वाटले होते. त्या आपल्या मुंबईत बोरीबंदरला उतरलो तर आम्हाला ओळखणारं कुत्रंसुद्धा नव्हतं. टॅक्सी करून बॅलार्ड पिअरला पोचलो. दारापाशी गर्दी, लोकांच्या हातात हार, आत धक्क्याला एक मोठं पांढरं जहाज लागलेलं. आई म्हणाली, आलं बाई. मी नाव वाचलं. ते आमचं नव्हतं.

दारावरच्या एका बाबूला विचारलं. तो म्हणाला, तुमचं जहाज बाहेर समुद्रात उभं असेल, ही जागा रिकामी झाली की येईल, थांबा. थांबलो. दारासमोर एक दिव्याचा खांब होता, आई त्याला टेकून उभी राहिली. डब्याची पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरलेली. ऊन वर चढायला लागलं. हार घेतलेली माणसं आपापलं माणूस घेऊन गेली. पांढरं जहाज काही हलेना आणि दुसरं काही येईना.

मग माझा धीर सुटला. आईला म्हटलं, तू इथंच थांब, मी बघून येते. जहाजाच्या कंपनीचं ऑफिस शोधलं. तिथला माणूस फोनवर बोलायचा, माझ्याकडे बघायचा, पुन्हा फोनवर बोलायचा. शेवटी म्हणाला, जागा बदलणार असं कानावर आहे, पण नक्की ठरलेलं कळलेलं नाही, पिअरवरच विचारा. पिअरवर आले तर म्हणाले, ऑफिसात विचारा. एका टॅक्सीवाल्यानं छातीठोकपणे भाऊच्या धक्क्याला नेलं. तिथं कोकणच्या बोटी, कोंबड्यांच्या टोपल्या आणि माशांचा वास. त्याच टॅक्सीनं परत आले. रस्त्याच्या कडेला उभी राहून रडले, खरं सांगते. एवढं मोठं जहाज, घराएवढं, वाड्याएवढं, आणि या गावात एका माणसाला ते कुठं आहे सांगता येऊ नये! चार इयत्तांची पोरं एका आरोळीत गप्प बसवणारी मी, तिथं ज्याच्या त्याच्या पाया पडायची तेवढी बाकी राहिले होते.

दुपार कलली तेव्हा एक टॅक्सी माझ्यासमोर थांबली, टपावर ट्रंका बांधलेल्या. एका ट्रंकेवर चिकटवलेल्या कागदावर आमच्या जहाजाचं नाव. मी टॅक्सीच्या दारालाच धरलं. आत एक सरदारजी आणि त्यांची बायको, विलायतेहून आलेले, कस्टमच्या तपासणीतून आत्ता कुठं सुटलेले. ते म्हणाले, जहाज तर सकाळीच लागलं, आत अलेक्झांड्रा गोदीत, त्या लांब भिंतीच्या पलीकडे. आणि संध्याकाळचं नाही, भरतीचं पाणी धरून आधीच निघणार आहे, सगळ्यांना वर बोलावताहेत.

मी धावत आईकडे आले. खांबापाशीच होती, सकाळपासून पाण्याचा घोट घेतलेला नव्हता. म्हटलं, आई, चल, जहाज सापडलं, दुसरीकडे लागलंय. तिनं मान हलवली. "तू उगा पयापय करून राह्यली. मी काई हालत नाई. तो मले पाहाले येत असन. मी हाललो का चुकामूक झाली."

मी हात जोडले, ओरडले, दंडाला धरून ओढलं. तिनं खांबाला मिठी घातली. लोक बघायला लागले. ती काकुळतीला येऊन म्हणाली, "बाई, मले दिसत नाई धड. या गर्दीत मी त्याले शोधू शकत नाई. त्यानंच मले शोधलं पाह्यजे. जागा नको सोडाले लावू."

तिचा दंड मी सोडला. वाटलं, आपण धावत जाऊ, दादाला ओढून इथं आणू, तेच लवकर होईल.

गोदीच्या दारावर शिपायानं पास मागितला. पास कुठला आणू? मी माझ्या शाळेतल्या आवाजात त्याला काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. शेवटी तोच वैतागला आणि म्हणाला, जा बाई, दहा मिनिटांत बाहेर ये. आत रूळ, मालाचे डबे, कापसाच्या गाठींचे डोंगर, त्यातून ठेचकाळत पळाले. आणि मग ते जहाज दिसलं. शिडीच्या पायथ्याशी, उन्हात, गरम कोट घालून एक माणूस उभा होता. पोट सुटलेलं, केस मागं गेलेले. मला वाटलं बाबाच उभे आहेत.

मी दादा म्हणून हाक मारली. त्यानं मला आधी ओळखलंच नाही. ओळखलं तेव्हा माझ्या मागं बघायला लागला. "आई कुठाय?"

म्हटलं, बॅलार्ड पिअरला, सकाळपासून उभी आहे. जागा सोडत नाही. तू चल, टॅक्सी करू, धावत जाऊ.

तो म्हणाला, "मीही सकाळपासून इथंच उभा आहे. जेवायलासुद्धा वर गेलो नाही. म्हटलं, तुम्ही याल आणि मी जागेवर नसलो तर?"

मला हसावं की रडावं ते कळेना. मायलेक, दोघांनीही तो मेला कायदा अक्षरशः पाळला होता, मध्ये एक दगडी भिंत होती आणि भिंतीच्या दोन्ही अंगांना दोघं दिवसभर तिष्ठत उभी होती.

दादानं माझा हात धरला आणि आम्ही खरोखर निघालो. मालाच्या डब्यांपर्यंत आलो असू, तोच मागून जहाजाचा भोंगा झाला. शिडीवरचा पांढऱ्या कपड्यांतला गोरा हातवारे करून ओरडत होता. दादा थांबला. त्याच्या ट्रंका वर होत्या, पासपोर्ट वर होता, नोकरी पलीकडं होती. तो एकदा दाराकडे बघायचा, एकदा जहाजाकडे. मी त्याच्या कोटाची बाही धरून ठेवली होती. तीही त्यानं हळूच सोडवली. "तिला सांग," म्हणाला, आणि काय सांगायचं ते न सांगताच परत वळला. मी तिथंच उभी राहून त्याला शिडी चढताना पाहिलं. तो वर जाईपर्यंत मागे वळला नाही. वळला असता तर गेला नसता, असं मी आजही स्वतःला समजावते.

परत आले तेव्हा आई माझ्या पावलांच्या आवाजाकडे तोंड करून होती. एकटीचीच पावलं आहेत हे तिला कळलं असावं. तरी विचारलं, "सापडला?"

मी खरं ते सगळं सांगितलं. जाडा झालाय, बाबांसारखा दिसतो, दिवसभर तुझ्यासाठी शिडीखाली उभा होता, यायला निघाला होता, भोंगा झाला. ती ऐकत राहिली. तेवढ्यात पांढऱ्या जहाजाच्या पलीकडून एक काळी चिमणी सरकत जायला लागली, धूर सोडत. मी म्हटलं, आई, ते बघ, ते त्याचं जहाज. तिनं डोळे किलकिले करून त्या दिशेला पाहिलं. काही दिसलं का, मी विचारलं नाही.

चिमणी दिसेनाशी झाली, तशी ती खांब सोडून मटकन खाली बसली. मी तिला पाणी दिलं. ते तिनं बाजूला सारलं. तिला इतकी हताश मी बाबा गेले तेव्हाही पाहिली नव्हती.

"जलमभर माहं कधी आयकलं नाई तू," ती म्हणाली, "आज काऊन आयकलं व?"