ओढ्यापलीकडचा यादय्या

फौजेतल्या माझ्या सगळ्या पोस्टिंगमध्ये हैदराबादचं पोस्टिंग सर्वांत सुखाचं. मी तेव्हा नाईक होतो. घर अंबरपेठेत, युनिट शहराच्या दुसऱ्या टोकाला. रविवारी आउटपास मिळाला की सायकल काढायची, आईच्या हातचं जेवायचं आणि संध्याकाळच्या रोल कॉलला हजर व्हायचं. सीमेवरून आलेल्या माणसाला याहून जास्त काय लागतं?

नव्वदच्या दशकाचा मध्य होता. गल्लीत केबल आली होती. नाक्यानाक्यावर एसटीडी बूथ उघडत होते. माझ्या बरोबरीची पोरं बरकतपुऱ्यात कॉम्प्युटरच्या क्लासला जात. आमचा दिवस मात्र तोच: पहाटे पीटी, मग परेड, मग स्टोअर.

पावसाळ्याच्या तोंडावर कॅप्टन नायरसाहेबांनी मला बोलावलं.

"सोनकांबळे, तू मराठी ना?"

"होय साहेब."

"ॲडव्हेंचर ट्रेनिंगची पार्टी सह्याद्रीत जाते आहे. घाटवाटांचा ट्रेक. गावकऱ्यांशी बोलायला माणूस हवा."

मी 'येस सर' म्हणालो. सह्याद्री मी कधी पाहिलाच नाही, हे सांगितलं नाही. आमचं मूळ गाव देगलूरकडचं. सपाट काळं रान. वडील रेल्वेत गँगमन म्हणून हैदराबादला आले आणि मी अंबरपेठेतच जन्मलो. घरातली आमची मराठी अशी, की होकार 'हौ' आणि नकार 'नक्को'.

पार्टीत लान्स नाईक यादय्या होता, म्हणून मला काळजी नव्हती. यादय्या भुवनगिरीकडचा. बाप ताडी काढणारा. कमरेला दोराचा फास टाकून ताडावर चढायला तो चालायला लागल्यावर लगेचच शिकला असावा. आमच्याच गल्लीत त्याने खोली घेतली होती. बायको पद्मा आणि नुकती चालायला लागलेली मुलगी स्वप्ना. रविवारी आम्ही दोघं एकाच सायकलवर डबलसीट घरी यायचो. चढावर तो उतरायचा, उतारावर मी ब्रेक धरायचो.

ट्रेकआधी आम्ही शहराबाहेरच्या मोठमोठ्या धोंड्यांवर रोपची प्रॅक्टिस केली. हैदराबादचा दगड खरखरीत. उन्हात तापतो, पण बूट धरून ठेवतो. यादय्या त्यावर अनवाणी चढायचा. नायरसाहेब खालून ओरडायचे, "यादय्या, बूट!" तो वरून म्हणायचा, "उतरते वक्त पेनतुं, साब."

आम्ही पुण्यामागच्या घाटमाथ्यावर पोहोचलो तेव्हा धुकं इतकं होतं, की पहिल्या दिवशी डोंगर दिसलाच नाही. फक्त आवाज आला. सगळीकडून पाण्याचा आवाज. दुसऱ्या दिवशी सकाळी ढग वर गेले आणि समोर काळ्या कातळाच्या पायऱ्यापायऱ्यांची भिंत उभी राहिली. प्रत्येक पायरीवरून पाणी पडत होतं. कुठे दोरीएवढं, कुठे रस्त्याएवढं रुंद.

नायरसाहेबांनी सांगितलं, "हा सगळा डोंगर एके काळी वितळलेला दगड होता. जमिनीतून वर आला, पसरला, गार झाला. त्यावर पुढचा थर. मधे दिसतात ते लाल मातीचे पट्टे."

यादय्या बराच वेळ बघत राहिला. मग मला म्हणाला, "आग का पहाड है भई. अब देख, कितना ठंडा हो गया."

घाटाखालच्या वाडीत आमचा मुक्काम ठकूबाई नावाच्या बाईच्या पडवीत होता. नवरा वारलेला, मुलगा मुंबईला. माझं बोलणं ऐकून ती चुलीपुढून वळली.

"कुठलं म्हनायचं तुमी?"

"हैदराबादचे."

"आन् मराठी बोलता?"

"हौ."

ती खळखळून हसली. "हौ म्हंतोय! आरं, तुझी मराठी जत्रंत हरवलेली दिसतीया."

तिच्या भाषेतले निम्मे शब्द मला नवे होते. वाटेला ती नाळ म्हणायची, डोंगराच्या चिरेला घळ. मी तिच्याकडून शिकायचो आणि यादय्याला शिकवायचो. यादय्या बदल्यात तिचं छप्पर शाकारून द्यायचा. एका दुपारी त्याने तिच्या पडवीच्या वाशांना असा दोर आवळला, की ती म्हणाली, "ह्या लेकाला हितंच ठिवा." मी भाषांतर केलं. यादय्या लाजला. जेवताना ती त्याच्या ताटात नाचणीची भाकरी न विचारता वाढायची आणि तोही 'नक्को' म्हणायचा नाही.

चार दिवस आम्ही त्या वाटा चढलो, उतरलो. इथला दगड वेगळा. कोरडा असताना बरा, ओला झाला की साबण. पहिल्याच दिवशी यादय्याने न सांगता बूट घातले.

पाचव्या दिवशी दुपारी आम्ही वाडीच्या वरच्या नाळेने खाली येत होतो. पाऊस सकाळपासून थांबला नव्हता. अर्ध्या वाटेत एक ओढा आडवा येतो आणि तिथून थोडं खाली कड्यावरून पडतो. ओढ्याजवळ शिट्टी ऐकू आली. थांबून थांबून, पुन्हा पुन्हा.

पलीकडच्या काठावर कातळाच्या अरुंद फळीवर पाच जण अडकले होते. पुण्यातल्या एका कंपनीत नोकरीला लागलेली तरुण मुलं. नव्या सॅक, नवे रेनकोट. सकाळी घोट्याएवढ्या पाण्यातून ती पलीकडे गेली होती. आता पाणी मांडीच्या वर होतं. त्यांच्यातल्या वैशाली नावाच्या मुलीचा पाय मुरगळला होता. तिला उभं राहता येत नव्हतं.

नायरसाहेबांनी पाणी पाहिलं, कडा पाहिला. मग म्हणाले, "कोण जाणार?"

यादय्या हार्नेस बांधतच होता.

त्याची सेफ्टी लाइन माझ्या हातात होती. तो प्रवाहाकडे तोंड करून, तिरका, एकेक पाऊल टाकत गेला. दोनदा पडला. दोनदा उठला. पलीकडच्या झाडाला त्याने मेन रोप बांधला आणि हात वर केला. आमच्या बाजूला मी आणि दोन जवानांनी तो ताणून बांधला. वॉकीटॉकीचा एक सेट त्याच्याकडे होता, एक साहेबांकडे.

मुलं एकेक करून आली. प्रत्येकाला तो स्वतः क्लिप लावायचा, पाठीवर थाप मारायचा आणि पाण्यात सोडायचा. आम्ही अलीकडून ओढून घ्यायचो. शेवटी वैशाली. तिला तो अर्ध्या ओढ्यापर्यंत पाठीवर घेऊन आला. तिथे मी पुढे गेलो आणि तिला माझ्या पाठीवर घेतलं. तिचे दात वाजत होते. ती त्याला म्हणाली, "दादा, तुम्ही पण या ना."

"सामान लेके आतुं," तो म्हणाला आणि मागे फिरला. पलीकडे मुलांच्या सॅक आणि आमचा अर्धा रोप होता. मागे फिरायलाच हवं होतं. शेवटच्या माणसाने अँकर, म्हणजे झाडाला बांधलेला दोर, सोडवून यायचं असतं.

तो पलीकडे पोहोचला तेवढ्यात पाण्याचा रंग बदलला. ते लाल झालं आणि गुडघाभर वाढलं. एक अख्खं झाड वाहत आलं आणि आमचा ताणलेला रोप आणि सेफ्टी लाइन दोन्ही तोडून कड्यावरून गेलं.

नायरसाहेबांनी सेट तोंडाशी धरला. "यादय्या, वहीं रुको. पानी उतरने तक कोई मूवमेंट नहीं. ओव्हर."

"रॉजर साब. रुकतुं. ओव्हर."

आदेश बरोबर होता. पुढे मी सुभेदार झालो, कितीतरी पार्ट्या घेऊन डोंगरात गेलो. त्या जागी मी असतो तर तोच आदेश दिला असता.

दोन जवान मुलांना घेऊन वाडीकडे उतरले. साहेब आणि मी थांबलो. यादय्या फळीवर पाठ टेकून बसला. मधे इतकंच अंतर, की कोरडा दिवस असता तर मी त्याला बिडी फेकून दिली असती. साहेबांनी सेट माझ्या हातात दिला. "बोलत राहा त्याच्याशी."

मी विचारलं, "थंडी?"

"है थोडी."

"भूक?"

"भोत है. ठकूअम्मा को बोल, रोटी गरम रखना."

मग त्याने विचारलं, त्या मुलीचा पाय मोडलाय की मुरगळलाय. मी म्हणालो, मुरगळलाय. तो म्हणाला, "अच्छा हुआ." मग स्वप्नाबद्दल बोलला. ती आता 'नान्ना', म्हणजे बाबा, म्हणायला लागली होती, पण सगळ्यांनाच म्हणायची. दूधवाल्यालाही. तो हसला. त्याचं हसणं सेटमधूनही आलं आणि पाण्यावरूनही.

पाऊस कमी झाला होता. पाणी उतरायला लागलं होतं. साहेब म्हणाले, अजून अर्धा तास.

तेव्हा त्याच्या वरच्या बाजूला, दोन कातळांमधला लाल मातीचा पट्टा सुटला. आधी थोडी माती घसरली. मी सेटमध्ये ओरडलो. त्याने वर पाहिलं. मग वरचा थर झाडांसकट खाली आला. आवाज नंतर आला, असं मला आठवतं. धूळ उडाली नाही, सगळंच ओलं होतं. फळी होती तिथे काहीच नव्हतं.

मी सेटवर त्याला हाक मारत राहिलो. साहेबांनी हळूच सेट माझ्या हातातून काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी तो धबधब्याखाली सापडला. वाडीतल्या माणसांनीच शोधला. चढ-उतारांची वाट, पाऊस चालूच. त्यांनी त्याला झोळीत घालून खांद्यावरून आणलं आणि कोणा जवानाला खांदा बदलू दिला नाही. "पावणा हाय आमचा," म्हणाले. ठकूबाईने गरम पाणी केलं. त्याचं तोंड, केस, कानामागची माती तिने आपल्या हाताने धुतली, लेकराला न्हाऊ घालावं तसं. मग ट्रंकेतून न नेसलेलं लुगडं काढून त्याच्यावर पांघरलं.

त्याला हैदराबादला मी घेऊन आलो. अंबरपेठेतल्या गल्लीत गाडी शिरली तेव्हा माणसं दोन्ही बाजूंना उभी होती. पद्मा दारात होती. तिसऱ्या दिवशी माझ्या आईजवळ बसलेली असताना तिने मला तेलुगूत विचारलं, "एकटा होता का तो?"

"नाही," मी म्हणालो. "आम्ही बोलत होतो. तो स्वप्नाबद्दल सांगत होता. हसत होता."

तिने मान हलवली. त्या दिवशी पहिल्यांदा ती माझ्या आईच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली.

पुढे माझी बदली झाली. पद्माला सरकारी शाळेत नोकरी लागली. काही वर्षांनी वैशाली लग्न होऊन हैदराबादला आली. नवरा-बायको दोघंही सॉफ्टवेअरमध्ये, घर कुकटपल्लीला. तिने शोधत शोधत पद्माचं दार गाठलं. पद्माला मराठी येत नव्हती, हिला तेलुगू. पद्माने तिचा हात धरून आत नेलं आणि आधी खाली वाकून तिचा पाय पाहिला. बरा झालाय ना, एवढंच. तेव्हापासून दर दसऱ्याला वैशाली येते. स्वप्ना तिला अक्का म्हणते.

मी रिटायर होऊन परत आलो तेव्हा स्वप्ना कॉलेजात होती. एकदा मला म्हणाली, "मामा, मुझे वो जगह देखनी है." मग आम्ही गेलो. पद्मा, स्वप्ना, वैशाली आणि मी. पाऊस संपून रान पिवळ्या फुलांनी भरलं होतं. धबधबे बारीक झाले होते. ओढ्याशी पोहोचलो तर पाणी घोट्याएवढं होतं. पद्मा अलीकडेच बसली. स्वप्ना पाण्यातून पलीकडे गेली, जिथे दरडीवर आता झाडं वाढली आहेत, आणि थोडा वेळ तिथे उभी राहिली. कोणी तिला हाक मारली नाही.

खाली वाडीत ठकूबाई होती. खूप थकलेली, डोळ्यांना कमी दिसायचं. मी तिच्याजवळ बसून सांगितलं की मी तो हैदराबादचा फौजी. तिला आठवेना. मग म्हणालो, "यादय्याची मुलगी आली आहे."

ती हाताने चाचपत पुढे सरकली. स्वप्नाचा चेहरा दोन्ही हातांत धरला. कपाळ, भुवया, गाल. मग नाकावरून बोट फिरवलं आणि थांबली.

"त्याचंच हाय," ती म्हणाली. "नाक त्याचंच हाय. म्या धुतलंय, मला ठावं हाय."

स्वप्नाने मान न हलवता मला विचारलं, "मामा, क्या बोल रहे?"

मी सांगितलं. वडिलांचा चेहरा तिने फोटोतच पाहिलेला. तो हाताने ओळखणारं माणूस तिला पहिल्यांदाच भेटत होतं. तिने डोळे मिटले आणि म्हातारीचा हात बाजूला होईपर्यंत चेहरा तसाच पुढे धरून ठेवला.