एकशे विसावी ओळ

दुपारी अकीलाबीचा डोळा लागला की रंग जागा बदलायला लागत. पुसदच्या बाजारातलं मनियारांचं ते बोळाएवढं दुकान, भिंतभर काचेच्या बांगड्या, आणि जेवणानंतर तासभर गिऱ्हाईक नाही. अकीलाबी गादीवर आडवी व्हायची, आणि डोळे मिटायचा अवकाश, पाच बांगड्या येऊन समोरच्या ओट्यावर बसायच्या. हिरवी, लाल, पिवळी, निळी, जांभळी. एक उठायची, दुसरीला म्हणायची सरक, मग तिसरी रुसायची. तीस-पस्तीस वर्षं हे चाललंय आणि अजून तिला त्याचा कंटाळा नाही.

याला कारण तिची जबान, तिनं दिलेला शब्द. लग्नाचा चुडा काय, कुणीही भरून देतं. पण नवरीचा हिरवा चुडा भरून झाला की अकीलाबी तिच्या डाव्या मनगटापाशी पाच रंगांच्या पाच बांगड्या आणखी चढवायची, आपल्या पदरच्या. सगळ्यांना नाही बरं का! जिच्या आईच्याही हातात तिनं कधी बांगडी भरली असेल, तिलाच. वर्षाला चार-पाच जणी व्हायच्या. आणि भरून झालं की म्हणायची, "ही ओळ तुही एकटीची, बाई. दुसऱ्या कोनाच्याच हातात अशी नाही आन् होनार बी नाही." नवऱ्या लाजायच्या, त्यांच्या आया डोळे पुसायच्या. हिंदूंच्या पोरी असोत की मुसलमानांच्या, या ओळीसाठी हटून बसायच्या.

सुरुवातीलाच तिचा नवरा जफर हसला होता. "पाच तर रंग हायेत तुह्याजवळ. पाच-पंचवीस नवऱ्या झाल्या का खलास!" अकीलाबीला ते लागलं. ती शाळेत दुसरीपर्यंत गेलेली, हिशेब सगळा बोटांवर. पण त्या दुपारी पडल्यापडल्या तिनं ओट्यावरच्या पोरींना नीट विचारलं. दोघीच असत्या तर? दोन तऱ्हा. तिसरी आली, तर ती पुढं बसेल, मधे बसेल, नाहीतर मागं. म्हणजे त्या दोन्ही तऱ्हांच्या तीन-तीन, सहा. चौथीला बसायला चार जागा, सहा चोक चोवीस. पाचवीला पाच जागा. चोवीस पाचं... ती उठूनच बसली. एकशेवीस! तिला वाटलं, हात पुढं करून उभ्या असलेल्या एकशेवीस पोरींची रांग पार नदीपर्यंत गेली आहे.

"खलास म्हनता!" ती जफरला म्हणाली. "तुमची दाढी पांढरी होईन तरी खलास नाही होत."

झालंही तसंच. एकही ओळ पुन्हा येऊ नये म्हणून तिनं आपल्या निकाहच्या ओढणीवर टाके घालायला सुरुवात केली. एका ओळीचे पाच रंगांचे पाच टाके. सगळ्यात वरची ओळ तिची स्वतःची, कोपराकडून मनगटाकडं: हिरवी, लाल, पिवळी, निळी, जांभळी. तशा पाच बांगड्या तिच्या डाव्या हातात कायम असायच्या. एखादी वाढली की लगेच दुसरी. वाढली म्हणायचं हं, फुटली म्हटलेलं तिला खपत नसे. पुढच्या ओळी ती शिस्तीत घालायची. पहिली हिरवी धरून ठेवायची आणि बाकीच्या चौघींना फिरवायची. चोवीस झाल्या की लाल पुढं.

लेक गझाला अकरा वर्षांची असताना शाळेतून आली आणि फुशारकीनं म्हणाली, "अम्मी, पाच गुनिले चार गुनिले तीन गुनिले दोन. एकशेवीस होतात!" अकीलाबी शेंगा सोलत होती. म्हणाली, "मंग? मले तं तू जनमाच्या आंधी माहीत हाय." पण मनातून ती इतकी सुखावली, की संध्याकाळी अख्ख्या गल्लीला शेंगा वाटल्या.

गझाला पुढं गणिताचीच मास्तरीण झाली. स्थळं आली की नाकं मुरडायची. आणि इकडं ओढणी भरत आली. तिची स्वतःची धरून एकशे एकोणीस ओळी झाल्या त्या दिवशी अकीलाबीनं सुई ठेवून दिली. शेवटची एक ओळ गझालाची. त्यानंतर चार वर्षं किती नवऱ्या हिरमुसून गेल्या! आया भांडल्या, एकीनं तर दुकानाची पायरी सोडली. अकीलाबी हलली नाही. बत्तिसाव्या वर्षी गझालानं आपणहून पांढरकवड्याच्या जुनेदचं नाव काढलं, तेव्हा अकीलाबी आधी ओढणीपाशी गेली. राहिलेल्या रिकाम्या जागेवरून तिनं हात फिरवला आणि खूप रडली.

निकाहला तीन दिवस राहिले असताना दोघी जावा दुकानात शिरल्या. चंदाबाई मोठी, निकिता धाकटी. त्यांचं घर रंगवायला काढलं होतं, म्हणून बैठकीतले लग्नाचे फोटो उतरवले, पुसले, शेजारी-शेजारी ठेवले, आणि भडकाच उडाला.

"चाची, हे पाहा!" निकितानं मोबाइल पुढं केला. "मले सांगतलं होतं ना, तुहीच एकटीची म्हनून? मंग मोठ्या बाईच्या हातात काहून हाय तेच?"

फोटोत चंदाबाईचा हात खाली सोडलेला. वरून खाली लाल, निळी, हिरवी, जांभळी, पिवळी. निकिता हार घालत होती, हात वर. वरून खाली लाल, निळी, हिरवी, जांभळी, पिवळी.

"तसं नाही होत," अकीलाबी म्हणाली. चंदाबाईला तिनं कोपराकडून लाल धरून भरलं होतं, निकिताला पिवळी धरून. ओढणीवर दोन निराळ्या ओळी होत्या. आयुष्यभर तिनं नवरीचा हात पाहिला तो एकाच तऱ्हेनं, समोर बसून, आपल्या तळव्यात धरलेला, बोटं आपल्याकडं. तोच हात नंतर हार घालायला वर जातो, लेकराला उचलायला खाली येतो, हे काही तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

जावांना तिनं कसंबसं चहा पाजून वाटेला लावलं आणि ओढणी उलटी धरली. खालचं वर, डावीकडचं उजवीकडं. आणि एकेक जोडी दिसायला लागली. ही हिच्यासारखी, ती तिच्यासारखी. सगळ्या ओळींना जोडीदारीण होती. फक्त सगळ्यात पहिली, तिची स्वतःची ओळ तेवढी एकटी.

गझाला शाळेतून आली तेव्हा अम्मी ओढणी मांडीवर घेऊन बसली होती.

"साठच होत्या, बेटा," ती म्हणाली. "एकशेवीस नाही. साऱ्या पोरींले मी खोटं बोलली."

गझालानं ओढणी उलटसुलट फिरवून पाहिली आणि तिला चटकन कळलं. मास्तरीण ती, पण तिच्याही कधी डोक्यात आलं नव्हतं.

"आन् तुही ओळ," अकीलाबीनं रिकाम्या जागेवर बोट ठेवलं, "जांभळी, निळी, पिवळी, लाल, हिरवी. ते तं माहीच हाय, उलटी. चार वर्षं लोकायच्या पोरी वापस पाठवल्या, आन् पोटच्या पोरीसाठी काय ठेवलं? उतरलेलं!"

गझाला जवळ बसली. "सहावा रंग घे ना मंग. मोरपंखी घे. सातशेवीस होतात. उलट्या काढून टाकल्या तरी तीनशेसाठ. पाहिजे ते निवड."

तीनशेसाठ! दुसऱ्या वेळी अकीलाबी या आकड्यावर आठवडाभर तरंगत राहिली असती. आता तिनं ओढणीची घडी घालून ती बाजूला ठेवली. दोन दिवस ती जेवली नाही धड. दुपारी डोळे मिटले तर ओटा रिकामा.

निकाहच्या सकाळी मात्र ती दोन पुडे घेऊन बसली. एकात जुन्या पाच, दुसऱ्यात मोरपंखी धरून सहा. चुडा भरून झाला. "सांग, कोनती भरू?"

"तुही," गझाला म्हणाली.

"उलटी हाय म्हनलं ना तुले."

"असू दे. तुही हाय ना?"

अकीलाबीनं डाव्या हातात लेकीचा डावा हात घेतला, नेहमीसारखा दाबून मऊ केला आणि जांभळी चढवली. मग निळी, पिवळी, लाल. शेवटी मनगटाशी हिरवी. काम झालं होतं, हात सोडायचा होता. तिनं खाली पाहिलं.

तिच्या स्वतःच्या कोपराकडून हिरवी, लाल, पिवळी, निळी, जांभळी अशा मनगटापर्यंत आल्या होत्या. मग तिचा तळवा, लेकीचा तळवा. आणि लेकीच्या मनगटापासून पुन्हा हिरवी, लाल, पिवळी, निळी, जांभळी, थेट चुड्यापर्यंत. कुठं काही उलटं नव्हतंच. एका हातातून निघालेले रंग त्याच चालीनं दुसऱ्या हातात गेले होते.

एकशेअठरा हात तिनं असेच धरले होते. एकाही हातात असं झालं नव्हतं, होणारही नव्हतं. ते याच हातात व्हायचं होतं.

"अम्मी, रडून काहून राह्यली?" गझालानं विचारलं. मग तिनंही खाली पाहिलं. हळूहळू, एकेक करत दहाही बांगड्यांवरून तिची नजर गेली, आणि तिनं अम्मीचा हात घट्ट धरला.

दारातून जफर ओरडला, "अगं, पांढरकवड्याचे लोक आलेत! सोड आता तिचा हात."

"थांबू द्या त्यायले," अकीलाबी म्हणाली.