वहिनींच्या हातची ऋषीची भाजी

माझं माहेर रत्नागिरीत मांडवीला, समुद्राच्या कडेला. ऋषिपंचमीची भाजी आमच्याकडेही व्हायची, पण भाज्या बाजारातून यायच्या आणि ती घरापुरती शिजायची. लग्न करून मिरजोळ्याच्या पुढे आत असलेल्या या वाडीत आले, तेव्हा पहिल्यांदा पाहिलं, की इथे ही भाजी सगळ्या वाडीची असते.

गणपती बसले की दुसऱ्या दिवशी सकाळी प्रत्येक घरातून एकेक बाई देवळाच्या मांडवात यायची. कोणाच्या सुपात अळू, कोणाकडे लाल माठ, पडवळ, भेंडी, कोवळं तवसं. एखादी मक्याची कणसं घेऊन यायची. बैलाच्या कष्टाचं काही त्या दिवशी खायचं नाही, म्हणून सगळं घरामागच्या परड्यात हातानं खणून, हातानं लावलेलं. तेल नाही, फोडणी नाही. ओलं खोबरं, हिरवी मिरची आणि आंबटाला आंबाडे. सोबत वरीचा भात. मुंबईहून आलेली माणसं, गावातली माणसं, सगळी एका पंगतीला केळीच्या पानांवर जेवायची.

ती भाजी शिजवायची ती माझ्या मोठ्या जावेनं. मी त्यांना वहिनी म्हणते. दीर लवकर गेले, मुलगा मुंबईला नोकरीत, वहिनी आमच्याच घराच्या शेजारच्या खणात एकट्या राहायच्या. बोलायला फटकळ होत्या. मांडवात कोणी भाजी जाड चिरली तर सरळ म्हणायच्या, "हे काय गुरांना घालायचंय?" पण चुलीपाशी त्या बसल्या की बाकीच्या बायका निर्धास्त असायच्या. आधी सुरण आणि अळूचे देठ, ते अर्धे शिजले की ठेचलेले आंबाडे, मग बाकीचं सगळं. आंबट नीट पडलं नाही तर सुरण आणि अळू घशाला खाजतं, हे मला त्यांनीच शिकवलं.

त्यांच्यात काही बदलतंय हे आधी माझ्या लक्षात आलं नाही. एकदा त्या विहिरीवरून कळशी तशीच ठेवून आल्या. एकदा सकाळी दोनदा माझ्याकडे साखर मागायला आल्या आणि दोन्ही वेळा तेच बोलल्या. मी नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "वय झालंय तिचं. तुला तरी सगळं आठवतं का?" मलाही ते पटलं.

त्या वर्षी ऋषिपंचमीला त्या नेहमीसारख्या चुलीपाशी बसल्या. मी नारळ खवत होते. मध्येच त्यांनी विचारलं, "मीठ घातलं का गो?" मी म्हटलं, "घातलं." थोड्या वेळानं परत विचारलं. मग आणखी एकदा. शेजारी बसलेली बाई हसली. मी नारळ खवत राहिले.

पंगत बसली. मी भाजी वाढत पुढे गेले, तेवढ्यात मागे कोणीतरी खाकरलं. मग दुसरं कोणी. एक लहान मुलगी रडायला लागली, "आई, घशात टोचतंय." बघता बघता सगळ्या पंगतीचे हात थांबले. म्हातारी माणसं घसा दाबून पाणी पीत होती. कोणीतरी गूळ आणा म्हणालं, कोणी आमसुलं शोधायला धावलं. मुंबईहून आलेला एक जण हसत म्हणाला, "ऋषी रागावले वाटतं." त्याच्या बायकोनं त्याला गप्प केलं.

मी चुलीपाशी गेले. वहिनी टोपात डाव घालून उभ्या होत्या. त्यांच्या मागे, रोवळीत, धुतलेले आंबाडे तसेच होते.

"वहिनी, आंबाडे राहिले."

"राहिले कसे? मी घातले. ह्या हातानं ठेचून घातले."

मी रोवळी दाखवली. त्यांनी त्यातला एक आंबाडा उचलून बघितला. मग माझ्याकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "तू काढून ठेवलेस. माझं नाव घालवायला काढलेस."

इतक्या वर्षांत वहिनी मला खूप काही बोलल्या होत्या, पण असं कधी नाही. मला राग यायला हवा होता. मी मात्र त्यांच्या डोळ्यांकडे बघत होते. त्या घाबरल्या होत्या. मी म्हटलं, "असेल. माझ्याच हातून झालं असेल." आणि त्यांना हाताला धरून घरी नेलं.

गणपती गेल्यावर त्यांच्या मुलानं त्यांना रत्नागिरीत डॉक्टरांना दाखवलं. डॉक्टर बरंच काही बोलले. त्यातलं मला एवढंच समजलं, की हे वाढत जाणार आणि मागे फिरणार नाही. मुलगा बाहेर व्हरांड्यात भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. वहिनी आत बाकावर बसून पदराच्या किनारीची घडी घालत होत्या.

मुलगा त्यांना मुंबईला घेऊन गेला, पण तिथल्या बंद घरातून त्या दार उघडून जिना उतरून जायच्या. शेवटी परत गावी आणलं. एक बाई दिवसभरासाठी ठेवली, रात्री मी असतेच.

पुढच्या वर्षी वाडीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मंडळाचा निरोप आला, की यंदा ऋषीची भाजी केटररकडून मागवायची. चाकरमानी दोन दिवसांसाठी येतात, बायकांना त्रास नको, आणि मागच्या वेळेसारखं काही व्हायला नको. वहिनींचं नाव कोणी घेतलं नव्हतं. कोणी विरोधही केला नाही. खरं सांगायचं तर परड्यात भाजी तरी कुठे राहिली होती? माकडं भेंडी ठेवत नाहीत, डुकरं सुरण उकरून टाकतात. पाठ वाकवून लावायचं आणि त्यांनी न्यायचं, म्हणून एकेका घरानं लावणं सोडलं होतं. बैल तर वाडीत एकही नाही, सगळी शेतं पॉवर टिलरनं होतात. एक म्हातारबुवा म्हणाले, "आता सगळंच ऋषीचं."

केटररची भाजी टेम्पोतून आली. वर तेलाचा तवंग होता. माणसांनी जेवून पानं उचलली. त्या दिवशी मांडवात कोणी कोणाला आग्रह केला नाही.

यंदा तेही झालं नाही. ज्यानं त्यानं आपापल्या घरी केलं. मी कुंपणाला जाळी बांधून थोडं अळू, माठ आणि एक पडवळाचा वेल वाचवला होता. सुरण शेजारणीनं दिला. घरापुरती भाजी केली, माहेरी करायचे तशी. दुपारी पान वाढून वहिनींकडे नेलं. कामाची बाई सणाला घरी गेली होती.

वहिनी पडवीत खुर्चीवर होत्या. पान पुढे ठेवलं तर मुकाट्यानं जेवल्या, अगदी शेवटच्या शितापर्यंत. मी हात धुवायला पाणी दिलं. त्यांनी तोंड पुसलं आणि माझ्याकडे नीट बघितलं.

"जेवण बरं होतं तुमचं," त्या म्हणाल्या. "लांबून आलात काय?"

त्यांनी मला कधी तुम्ही म्हटलं नव्हतं. मी म्हटलं, "नाही, इथलीच आहे."

"बरं. पण आता निघा हो. पाऊस भरलाय, घरची माणसं वाट बघत असतील."

पाहुणीला म्हणावं तसं त्यांनी मला दारापर्यंत सोडलं आणि कडी लावून घेतली. मी त्यांच्या पायरीवर बसून राहिले. आत भांडी हलवल्याचा आवाज येत होता. थोड्या वेळानं तो थांबला, आणि सर आली तरी मी उठले नाही.